कांद्याची कुजबुज

१४ नोव्हेंबर

ती. आक्का,

साष्टांग नमस्कार. गुडघे जिने चढू देतात का? मी ठणठणीत आहे, रक्तदाब सोडून.

‘फोन उचलायला हात झिजतात का?’ हा तुझा मेसेज मिळाला. गॅरेजात कामं फार. शिवाय हे मेसेजात मावणार नाही, म्हणून पत्र.

डॉक्टरांनी तयार खाण्याची खारट पाकिटं बंद केली. एकटा जीव सदाशिव. गरम पाणी ओता नि गिळा, वर्षानुवर्षं हेच. परवा कपाट रिकामं केलं. सुपं, शेवया, तयार रस्से, सगळं गेलं. म्हटलं, इंजिन खोलायला कोणी शिकवलं होतं? स्वयंपाकही आपला आपण शिकू.

सुरुवात आईच्या मसुराच्या कढणाने. आठवतं? शेगडीकडे पाठ करून ती आपल्या दोघांचे मोजे रफू करायची. तू विचारायचीस, “आई, बघत का नाहीस गं?”

“कांदा बडबडतो तोवर कच्चा. कुजबुजायला लागला की मसूर टाकायचे. त्यात बघायचंय काय?”

ती कुजबुज मी पकडायचो, तुझ्याआधी! आई म्हणायची, “कान माझे घेतलेत याने.” त्याच कानांवर गॅरेज उभं राहिलं. बॉनेट न उघडता दोष सांगतो, म्हणून लोक मला कानसेन म्हणतात.

तर मीही शेगडीकडे पाठ केली. कांदा टाकल्या टाकल्या कुजबुजला. मसूर टाकले. कढण कच्चट! कांदे बदलले, जाड बुडाची कढई आणली, खिडक्या लावून घेतल्या. पुन्हा तेच. कांदेवाल्याशी भांडलोसुद्धा.

काल शेजारची शिंपीणबाई तिच्या घराची किल्ली ठेवायला आली. मी मसुराचं भांडं उचललं तशी ओरडली, “अहो कानसेन, थांबा! केवढा तडतडतोय तो!”

“छे, कुजबुजतोय.”

हात लांबवून तिने शेगडी बंद केली. माझ्या पाठीमागे आवाजात काय बदललं, मला कळलं नाही.

गॅरेजात हल्ली मी इंजिनावर तळहात ठेवून ‘ऐकतो’. अजून कोणाला संशय नाही. फोनवर तुझा आवाज येतो गं, शब्द येत नाहीत. दर वाक्याला “काय? काय?” करणं माझ्याच्याने होत नाही.

आक्का, ते कढण एकदा तरी आईच्या चवीचं व्हायला हवं. तू ये. तीन जिने आहेत, दमाने चढ. मी पाठ करून उभा राहीन. कुजबुज सुरू झाली की नुसता खांद्यावर हात ठेव.

आणि आलीस की बेल वाजवत बसू नकोस. दार लोटलेलं असेल.

वाट पाहणारा,
तुझा धाकटा