गुणवंताला क्षमा

३ नोव्हेंबर, रविवार
पास्टर म्हणाले, महिनाभरात आपल्या मंडळीतून एक वडील नेमायचा. म्हणजे सभेचा प्रमुख. नाव घेतलं नाही, पण बघत माझ्याकडेच होते. दुसरा आहे कोण? गुणवंत? तो फक्त सतरंज्या अंथरतो. शिवाय आमच्या दोन शेतांमधला धुरा सरकवून माझी हातभर जमीन गिळून बसलाय. तरी त्याला क्षमा करायची ठरवली. उद्यापासून.

५ नोव्हेंबर
क्षमा पुढे ढकलली. त्याचा बैल माझ्या तुरीत. म्हणे, जनावराले काय समजते भाऊ. मालकाला तरी समजतं का?

१० नोव्हेंबर, रविवार
आज देवाच्या राज्यावर मी बोललो. जोरात. अर्धे लोक मधेच कापूस वेचायला उठून गेले. असल्यांसाठी राज्य यावं तरी कशाला? गुणवंत शेवटपर्यंत डोळे मिटून. विचारलं तर म्हणे, प्रार्थना करून राह्यलो होतो. घोरत? नंतर पास्टर म्हणाले, शिष्याने आधी सेवा करावी. टोमणा गुणवंतालाच असणार.

१५ नोव्हेंबर
आयडिया. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले होते. २४ला सगळ्यांसमोर मी गुणवंताचे धुणार. नम्रतेत त्याला चारी मुंड्या चीत करायचं. ही म्हणाली, चार लोकांत पाय धुनं सोपं नाही, इचार करा. बाईमाणसाचा विश्वास कच्चा. वैष्णवी मात्र लगेच म्हणाली, बाबा, नवा टॉवेल मी काढून ठेवते. शेवटी लेक माझी.

२४ नोव्हेंबर, रविवार, दुपार
गुणवंताला ताप. सभेला पोराला पाठवलं, कपिलला. माघार घेणारा मी नव्हे. पाय कोणाचेही असोत, नम्रता माझीच. पितळी परात, कोमट पाणी. ही तांब्याने ओतत होती, मी चोळत होतो. वैष्णवीने टॉवेल दिला. कपिल लाजून खाली बघत होता. मला ते आध्यात्मिक वाटलं.

मागून म्हातारी कौसल्याबाई म्हणाली, काहो पुंडलिकभाऊ, सोयरीक जमवली अन् सांगतलं नाही? बायका हसल्या. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे नवराबायको मिळून परातीत पाय धुतात ते एकाच माणसाचे. जावयाचे.

पास्टरनी दोन्ही घरांसाठी प्रार्थना केली. लांबलचक.

२५ नोव्हेंबर
गैरसमज आहे हे सांगायला निघालो, तर गुणवंतच पेढे घेऊन दारात. ताप उतरलेला. वैष्णवी साडी नेसून चहा घेऊन आली. तिचं आणि कपिलचं कधीचं ठरलंय म्हणे. हिलाही माहीत. मला सांगायची हिंमत कोणाला झाली नाही. दरारा आहे माझा, तो आहेच.

१ डिसेंबर, रविवार
गुणवंत वडील झाला. पास्टरनी विचारलं, कोणाची हरकत आहे का? माझ्या हरकती पाठ होत्या. मी उभा राहिलो. सगळे वळून बघायला लागले. वैष्णवीचा चेहरा पांढरा पडला. व्याह्यापुढे लेकीच्या बापाने तोंड उघडायचं नसतं. मी उघडलं.

आमेन म्हणालो आणि खाली बसलो.