मास्तरांचा कोट

प्रिय सुईबाई,

तुझं पत्र येऊन आज बारा दिवस झाले. एरवी मी उलटटपाली उत्तर धाडणारा माणूस, पण या वेळी कागद काढायचा, "प्रिय" लिहायचं आणि पाणी प्यायला उठायचं, असंच चाललं होतं. या बारा दिवसांत जेवढं पाणी प्यायलो तेवढं उभ्या जन्मात प्यायलो नसेन. तू लिहिलंस, "दादा, लेकीने मास्तरांच्या स्मारकात कपडे जपायच्या माझ्या जुन्याच जागेसाठी अर्ज केलाय. माझं जुनं प्रकरण तिच्या आड येऊ नये म्हणून साहेबांकडे तेवढा शब्द टाक. तिचा हात माझ्यासारखा घाईचा नाही." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि पत्राची घडी करून खिशात ठेवली. शर्ट बदलतो, पण पत्र या खिशातून त्या खिशात माझ्याबरोबरच असतं.

आधी बातमी सांगतो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. तिला जागा मिळाली. सोमवारी रुजू व्हायचंय. मुलाखतीला आली तेव्हा कॉलरला सुई खोचलेली होती, थेट तुझ्यासारखी. काढायची विसरली असावी. मी हसू आवरलं. मुलाखत संपल्यावर तिला मास्तरांचा कोट दाखवला, तर दोन्ही हात पाठीमागे धरून पाच मिनिटं नुसती बघत राहिली. कुणी तिला सांगितलं नव्हतं हात मागे ठेव म्हणून. हे काम येणारी माणसं अशीच उभी राहतात. तूही अशीच उभी राहायचीस.

माझं रोजचं काम तुला पाठच आहे. दोन खोल्या, एक जिना, एक कपाट, आणि बघायला येणाऱ्यांना दिवसातून आठ वेळा सांगायची तीच गोष्ट. देशाचा कारभार हाती असताना मास्तरांनी भर सभेत एका कारकुनावर कागद दडवल्याचा आळ घेतला. दोन दिवसांनी तो कागद त्यांच्याच टेबलाच्या खणात सापडला. मास्तर गाडी न घेता चालत त्या कारकुनाच्या घरी गेले, दारातच उभे राहून "माझं चुकलं" म्हणाले आणि पुढच्या सभेत पहिलं वाक्य तेच बोलले. त्या दिवशी अंगात हाच कोट होता. आवाज कुठे उतरवायचा, कुठे थांबून कपाटाकडे बोट दाखवायचं, सगळं ठरलेलं. लोकांचे डोळे भरून येतात. तुला वाटेल, हा सगळं सवयीने बोलतो. तसं नाही गं. मला मास्तर मनापासून आवडतात. एवढा मोठा माणूस, आणि चूक कबूल करताना त्याची जीभ अडखळली नाही. मला ते सांगताना आजही भरून येतं. म्हणून तर पुढचं लिहायला इतका वेळ लागला.

कोपरांवरच्या ठिगळांचे टाके वाकडे आहेत, ते शिंप्याचे नाहीत, मास्तरांनी स्वतः बसून घातलेत, हे शोधलंस तू. भिंग घेऊन दोन दिवस त्या कोपरांवर वाकली होतीस. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगतो, "माझ्या एकदा लक्षात आलं की..." एकोणीस वर्षं सांगतोय. ही त्यातल्या त्यात लहान चोरी, म्हणून आधी कबूल करून टाकली.

आता तो दिवस. आठवड्याच्या सुट्टीचा वार, स्मारक बंद, आपण दोघंच. ब्रश फिरवायला म्हणून तू कोट कपाटाबाहेर काढला होतास. तेवढ्यात शाळेतून फोन आला, पोरीला ताप भरलाय, घेऊन जा. सहा वर्षांची होती ती. किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही असा नियम होता, तरी तू ती माझ्या हातावर ठेवलीस, "अर्ध्या तासात येते, दादा" म्हणालीस आणि जिना जवळजवळ धावतच उतरलीस. मी खोलीत एकटा राहिलो. आणि सुईबाई, मी तो कोट अंगात घातला. चोरायचा नव्हता, चेष्टा करायची नव्हती. फक्त बघायचं होतं, कसं वाटतं ते. भिंतीवर मास्तरांचा दाढीचा आरसा आहे ना, त्यात छातीपर्यंतच दिसत होतं. आणि दिसत होतो बरा. मग अवदसा आठवली. सभेत बोलायला उभा राहिल्यासारखा मी उजवा हात वर केला, आणि काखेपासून कमरेपर्यंत टर्र झालं. शिवण गेली, तिच्याबरोबर कापडही गेलं. फोटोत धिप्पाड वाटणारे मास्तर अंगाने केवढेसे होते, ते मला तेव्हा कळलं.

पोरीला शेजारणीकडे सोपवून तू परत आलीस. कपाट उघडलंस आणि खालीच बसलीस. मी दारात उभा होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलण्याचाच पगार घेणाऱ्या माझी दातखीळ बसली. चौकशीत मोठ्या साहेबांनी विचारलं, किल्ली कुणाकडे होती? तू म्हणालीस, "माझ्याकडेच." मला वाचवायला म्हणालीस, हे मला कळलं. आणि वर म्हणालीस, "मीच घाईत हँगरला अडकवला असणार, जुनं कापड, वजनाने गेलं." मी खिडकीपाशी उभा राहून बाहेर बघत होतो. बाहेर काही नव्हतं बघण्यासारखं.

तुला कामावरून काढलं तेव्हा मी साहेबांना भेटलो, खरंच भेटलो. पण काय बोललो? "लहान मूल आहे पदरात, माणुसकी दाखवा." साहेबांनी ऐकलं नाही. आणि तू मात्र जिन्यात माझा हात धरून म्हणालीस, सख्खा भाऊ करणार नाही एवढं केलंस. तेव्हापासून दरवर्षी तुझं पत्र येतं, त्यात माझ्या गुडघ्यांची चौकशी असते, आणि एकदा तरी हे वाक्य असतंच. एकदा लिहिलं होतंस, आता फक्त बटणं लावते आणि काठ मुडपते, जुन्या कापडाला हात लावायचं धाडस होत नाही. ते पत्र मी फाडलं. दुसरं काय करायचं सुचलं नाही.

या वेळी तुझ्या सांगण्यावरून शब्द टाकायला गेलो. आत्ताचे साहेब माणूस चांगला. म्हणाले, "आईची चूक लेकीच्या माथी कशाला मारायची?" आणि मी मान डोलावली. म्हणजे बघ, पुन्हा तेच केलं. तुझं काम झालं होतं, दोन महिन्यांनी मी निवृत्त होणार, कुणाला काही कळलं नसतं. तुझ्याकडून आणखी एक आभाराचं पत्र आलं असतं आणि मी ते निमूट घेतलं असतं.

पण सोमवारी रुजू झाली की तिला वस्तूंची नोंदवही सोपवतील. कोटाच्या पानावर लिहिलंय, "देखभाल करणाऱ्या बाईंच्या निष्काळजीपणामुळे फाटला." ते अक्षर माझं आहे. माझं अक्षर चांगलं म्हणून साहेबांनी मला लिहायला सांगितलं होतं, आणि मी ते वळणदार लिहिलं. काल साहेबांसमोर त्याच ओळीखाली खरं काय घडलं ते लिहिलं आणि सही केली. साहेब म्हणाले, वर कळवावं लागेल. कळवा म्हटलं. तुझी लेक ते वाचेल, घरी येऊन तुला सांगेल, त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. वहीत लिहिलं नाही असं एकच राहिलंय, ते तुझ्यापुरतं. हँगरला कोट तू अडकवला नव्हतास. फाटल्यावर घाबरून मी अडकवला, वजनाने गेला असं दिसावं म्हणून. तू निघालीस तेव्हा पोरगी तापाने फणफणली होती, जिन्यात पाय टेकत नव्हते तुझे, तरी कोट टेबलावर सपाट ठेवला होतास, बाह्या दुमडून, वर पातळ कागद घालून. तुझा हात कधीच घाईचा नव्हता.

तुझाच
(दादा म्हणायचं की नाही, ते आता तू ठरव.)