नामंजुरीचं कारण

मंगळवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? पिल्लूचा खोकला गेला का? त्याला गार पाणी देऊ नकोस म्हणून मी सांगून थकले, पण मावशीचं ऐकतो कोण! मी बरी आहे. म्हणजे जेवते, झोपते, कामावर जाते, तेवढी बरी.

हातात फोन असताना ही पत्र काय लिहीत बसली, असं म्हणशील. तुझा फोन निम्म्या वेळा भावोजी उचलतात, म्हणून. शिवाय फोनवर मला रडू आलं असतं.

कामाचं थोडं सांगते, कंटाळू नकोस. आमच्या औषधांच्या शीतगृहात तापमान दाखवणारे सेन्सर आहेत. ते खरं दाखवतात ना, हे भावोजी तपासतात. सेन्सर काढायचा, खात्रीच्या थर्मामीटरशेजारी बर्फाच्या पाण्यात ठेवायचा, आकडे जुळवायचे आणि कॉम्प्युटरवर नोंद करायची. मग मी ती नोंद पाहून सही करते. सही म्हणजे माझा पासवर्ड. पहिल्याच दिवशी भावोजींनी बजावलं होतं, "हे बघ छोटे, पासवर्ड आणि टूथब्रश, दोन्ही कुणाला द्यायचे नाहीत." या नोकरीला मला त्यांनीच चिकटवलं, हे तू विसरू देत नाहीस आणि मीही विसरलेले नाही.

गेल्या आठवड्यात त्यांची नोंद माझ्याकडे आली. सगळे सेन्सर उत्तम. पण आमचा कॉम्प्युटर मोठा चोंबडा. कोणी, कधी, कुठून काय लिहिलं, सगळं टिपून ठेवतो, आणि ते कुणालाच पुसता येत नाही. नोंदीवर वेळ होती रविवारची संध्याकाळ. ताई, पिल्लूचा वाढदिवस. भावोजी तुमच्या सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसले होते. "आज तरी बंद करा ते," म्हणून तू ओरडलीस आणि मी त्यांना केक नेऊन दिला. आकडे त्यांनी तिथे बसून मनाने भरले.

मी त्यांना विचारलं. म्हणाले, "अगं, माझ्या हाताखालची माणसं काढली. मी एकटा कुठे कुठे मरू? आणि तपासणीवाले येऊन बसणार. कर ना सही, घरचीच ना तू?" त्यांचंही खोटं नाही. हल्ली चेहरा बघितलास का त्यांचा? मी म्हटलं, मी ती नोंद पाहिलीच नाही असं धरून चाला. तर ते कसंनुसं हसले. कारण मी ती उघडली, हेही टिपलं गेलंय. सही केली तर मी खोटी, नाही केली तर का नाही ते सांगायचं.

त्यात तुझा फोन. "सांभाळून घे गं त्यांना." म्हणजे तुला माहीत होतं. मी हो म्हणाले.

खरंच करणार होते, ताई. मनात ठरवलं, सेन्सर ठीक निघाले तर डोळे मिटून सही करायची. थर्मामीटर घेऊन मीच शीतगृहात गेले. दाराजवळचा सेन्सर चुकीचा निघाला. पडद्यावर सगळं छान गार, आणि त्याच्या खालच्या खोक्यांत तान्ह्या मुलांच्या लसी कोमट होत होत्या. पिल्लूला टोचल्या तसल्याच.

आज सकाळी मी नोंद नामंजूर केली. कारण लिहिल्याशिवाय तो कॉम्प्युटर पुढे जाऊ देत नाही. आधी 'माहिती अपुरी' लिहिलं. मग ते काढलं आणि लिहिलं, 'या वेळी तपासणारे शीतगृहात नव्हते. मी त्यांच्यासोबत घरी होते.' पासवर्ड टाकला. खोक्यांची रवानगी थांबली.

भावोजींना मी समोर जाऊन सांगितलं. ते टेबल आवरायला लागले. मला वाटलं होतं, निदान ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पत्र पोचेपर्यंत ते घरी बसलेले असतील. तू खोदून खोदून विचारशील आणि ते म्हणतील, कॉम्प्युटरने पकडलं. माझं नाव घेणार नाहीत, मी ओळखते त्यांना. म्हणून मीच सांगते. मी केलं.

तुला हो म्हणून फिरलेली,
छोटी