ओठांचा अभ्यास

६ जानेवारी
डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. उजवा कान गेलाच समजा, डावाही हळूहळू जाईल. मशीन लावा, पण भरवसा नका ठेवू. किती दिवस? "वो तो नहीं बता सकते, काकाजी." पीथमपूरच्या कारखान्यात प्रेसच्या धडधडीत जन्म काढला, कान तिथेच राहिले. रिक्षात सुनंदा म्हणे, "कानाला काही झालं नाही हो, तुमचं लक्षच नसतं." बायको आहे, डॉक्टरच्या वरची.
ठरवलं. ओठ वाचायला शिकायचं. इंदुरात क्लास सापडेना, म्हणजे आपले आपणच. रिटायर झाल्यावर बासरी आणली होती, ती आठवड्यात कपाटात गेली. या वेळी कपाट नाही.

९ जानेवारी
टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या. पाऊण तास डोळे फाडून बघितलं. डोकं उठलं, कळलं शून्य. उद्यापासून थोडं थोडं, चहाच्या आधी आणि चहाच्या नंतर. आधी अंदाज बांधायचा, मग आवाज लावून ताडायचं. उलट केलं की सगळं येतंय असं वाटतं, येत काही नसतं.
आरशासमोर बोललो. प, ब, म, तिन्हींना ओठ सारखेच मिटतात! साठी उलटली, हे तोंड रोज वापरतोय, कधी बघितलंच नव्हतं.

१४ जानेवारी, संक्रांत
मशीन काढून ठेवलं. तिळगूळ द्यायला अख्खी सोसायटी आली आणि प्रत्येकाचं कळलं! पोरांचं, म्हाताऱ्यांचं, सगळ्यांचं. छाती फुगली. दुपारी आडवा झाल्यावर ट्यूब पेटली, आज सगळे एकच वाक्य बोलतात. हात्तिच्या!
पण तसं रोजही माणूस काय बोलणार ते अर्धं माहीत असतंच. पोह्यांच्या दुकानात कोण नर्मदेच्या पुराचं बोलतंय? आधी जागा बघायची, मग माणूस, मग ओठ.
खिडकीतून राऊ गावाकडचं आकाश, पतंगच पतंग. आवाज नाही. पतंगांना तसाही कुठे असतो. बघता बघता डोळा लागला.

२२ जानेवारी
दिनेशभियाबरोबर पोहे. शाळेपासूनचा दोस्त, तो हिंदीत बोलतो, मी मराठीत, कधी अडलं नाही. अभ्यासाचं सांगितलं. "अरे भिया, टेंशन मत ले, आज से मुँह में सेव भर के नहीं बोलूँगा." हे सेव भरूनच बोलला.
आपल्या गावात आधी भाषा ओळखा, मग शब्द. दुकानदाराचं वाक्य मराठीत निघतं, जलेबीपर्यंत हिंदी होतं. मी आपला हो हो करत मान हलवत राहिलो. घरी येताना स्वतःचाच राग आला. मान हलवली की समोरचा पुढे जातो, आपण तिथेच. नवा नियम: नाही कळलं तर तिथल्या तिथे प.सां. म्हणजे परत सांग. लाज सोडून.

३ फेब्रुवारी
दिनेशचं बरंच कळू लागलंय. सुनंदावर गाडी अडली. चाळीस वर्षं ती ओट्याकडे तोंड करून माझ्याशी बोलते, मला दिसतो तो अंबाडा. म्हटलं, वळून बोल ना. "मी काय फोटो काढायला उभी आहे? ऐकू येतं तुम्हाला सगळं, सोयीचं तेवढं." भाजी करपली.
बाकी जगाचं नाही कळलं तरी चालेल. हिचं कळलं पाहिजे. टीव्ही, आरसा, दिनेश, हा सगळा खटाटोप त्यासाठीच. हे तिला सांगायचं राहिलंय.

१९ फेब्रुवारी
डावा कान आणखी उतरला. पहाटे स्वप्नात सगळं लख्ख ऐकू आलं. कुकर, कबुतरं, सुनंदाचं गुणगुणणं. जागा झालो तरी आवाज थोडे रेंगाळले, मग एकेक करून गेले. पडल्या पडल्या तिच्या आवाजाची उजळणी केली. "अहो" म्हणताना शेवट जरासा वर नेते. रागात असली की नाही. हे विसरायचं नाही. फार भीती वाटते विसरण्याची.

८ मार्च, रंगपंचमी
दिनेश आम्हा दोघांना गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्यावर घेऊन गेला. मशीन घरी. ढोल, डीजे, टँकरचे फवारे, रस्ता दिसेना. लोक एकमेकांच्या कानात ओरडतायत आणि कुणाला काही कळत नाही. अख्खं इंदूर बहिरं! मज्जा आली.
गर्दीत दिनेश रस्त्यापलीकडे गेला. गुलाबी तोंडाने काहीतरी बोलला. सुनंदा कानाला हात लावून "काय? काय?" मी वाचलं, चष्मा हरवला. खूण केली, खिशात बघ. सापडला! दिनेशने तिथूनच हात जोडले.
सुनंदा माझ्याकडे बघत राहिली.

१० मार्च
सकाळी सुनंदाने गॅस बंद केला. पदराला हात पुसले. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली, कानामागे अजून हिरवा रंग. आवाज न काढता काहीतरी बोलली. लांबलचक. अगदी सावकाश.
मान हलणारच होती. आवरली. "परत सांग."
परत बोलली. मध्ये एकदा ओठ मिटले, प की ब की म, देव जाणे. डोळे भरलेले, आणि हसत होती. नाही कळलं.
"परत."
चहा निवला. मोठ्याने बोल म्हटलं असतं तर बोलली असती, डावा कान अजून थोडा आहे. तिनेच विचारलं, तोंडाने नाही, हातानेच, मोठ्याने सांगू का? नको म्हणालो.
उद्या सकाळी पुन्हा विचारणार.