कर्मठ घरातला कट्टर

२२ सप्टेंबर, सोमवार
घट बसले. आमच्या निखिलने मोटरसायकलच्या मागे ‘कट्टर’ चिकटवून आणलं. बी.कॉम.ला दोनदा गचकला, ते कुठं चिकटवणार! मामंजी सोवळ्यात फुलं तोडत होते.
“म्हणजे काय रे?”
“पक्का, आजोबा. आप जैसा.”
“मी कर्मठ आहे, बाळा. माझा नेम माझ्यापुरता.”
नि. हसला. मामंजी नाही हसले.

२४, बुधवार
कोपऱ्यावर जवळच्या पनागर गावचा शंकर उकडलेली अंडी विकतो. गल्लीतल्या पोरांनी त्याला दम दिला, नवरात्रात गाडी लावायची नाही. पोरांत नि. पण. मामंजी रोज वासापायी रस्ता ओलांडतात, पण पलीकडून शंकरला राम राम चुकत नाही. म्हणाले, “त्याला काहून अडवून राहिले? वास मला येतो, मी दूर होतो.”

२६, शुक्रवार
सकाळी पोरांनी गाडी उलथवली. उकळतं पाणी शंकरच्या पायांवर. मग लाठ्या. पाठ, डोकं, पुन्हा डोकं. मी गॅलरीतून नुसती किंचाळत होते. मामंजी पूजेतून उठून सोवळ्यातच धावले. पूजेआधी मी ज्यांच्या हातात पाण्याचा पेला देत नाही, ते रक्तात, फुटक्या अंड्यांत, शंकरवर पालथे पडले.
“आजोबा, हटो!”
आणि लाठी त्यांच्या डोक्यावर उतरली. मारणाऱ्याच्या तोंडाला रुमाल होता. पण या गल्लीत आजोबा म्हणणारा एकच. शर्टही मीच इस्त्री केलेला.

२७, शनिवार
मामंजींना टाके. शंकर बेशुद्ध. दारोगा विचारत होता, “बाऊजी, किसने मारा?” मामंजी छताकडे बघत राहिले. हे म्हणतात, “घरची गोष्ट घरात.” शंकरची बायको दवाखान्याच्या पायरीवर बसली आहे. तिच्यासमोरून मान खाली घालून आले. नि.चा पत्ता नाही. गळा दाबावासा वाटतो कार्ट्याचा. जेवला असेल का?

२९, सोमवार
मामंजी घरी आले. देव पारोसेच. सोवळं धुऊन, वाळवून दिलं तर परत केलं.
“खरं दाबून पूजा नाही होत माझ्यानं, सूनबाई. मी फक्त ऐकलं. तू पाहिलं.”
“मग ठाण्यात जाऊ?”
“ते मी काहून सांगू? माझा नेम माझ्यापुरता.”
चिडले मी. मग रडले.

३०, मंगळवार
शंकर शुद्धीवर नाही. चप्पल घातली, ठाण्यात जायचं म्हणून दार उघडलं. समोर नि.
“आई, कुठं जाऊन राहिली?”
सरक म्हटलं. सरकला नाही. “भूक लगी है,” म्हणाला.
वाढलं. खाली मान घालून जेवतोय. मी इथेच, स्वयंपाकघरात, लिहून राहिले. पायात चप्पल तशीच आहे. मामंजींनी दारातून पाहिलं.