जान्हवीचा उतारा

७ जून २००९, भरे

आलो एकदाचे. टेम्पोवाल्याने कपाट दारात अडकवलं, पण आरसा फुटला नाही हे नशीब. घरमालकीण लीलाबाईंनी पिठलं-भाकरी पाठवली आणि वर निरोप, की आशालता, आज गॅस पेटवायचा नाही. अर्धं शेत विकून त्यांनी या खोल्या बांधल्या. वर त्या राहतात, खाली मी आणि किमया. घटस्फोटानंतर परभणी सोडायची होतीच. हिंजवडीच्या कंपनीत टेस्टरची नोकरी लागली, कॅब घोटवडे फाट्यावर येते. दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढणं हे माझं काम. आई म्हणते, इतकी वर्षं नवऱ्याच्या फुकट काढल्यास, आता निदान पगार तरी मिळेल.

किमयाला समोरचा डोंगर आवडला. इंटरनेट हळू चालतं ते आवडलं नाही. पंधरा वर्षांच्या मुलीकडून एवढं कौतुक पुष्कळ झालं.

२८ जून

किमयाला मैत्रिणी मिळाल्या. शाळा पिरंगुटला. सगळ्याजणी त्या एकमेकींच्या पानावर स्क्रॅप, म्हणजे निरोप, लिहायच्या साइटवर असतात. पक्की मैत्री म्हणजे एकमेकींना आपला पासवर्ड देणं, अशी इथली रीत आहे. किमयाने शुभांगी नावाच्या मुलीला दिला. मी म्हटलं, घराची किल्ली देशील का अशी कुणाला? तिने माझ्याकडे फार कीव करून पाहिलं.

मैत्रीण मिळाली याचाच मला आनंद आहे. बाकी सगळं शिकेल हळूहळू.

१९ जुलै

शुभांगीने किमयाच्या नावाने वर्गातल्या मुलांना घाणेरडे निरोप पाठवले. मग ‘किमया हटाव’ म्हणून साइटवर एक गट, त्यांच्या भाषेत कम्युनिटी, काढला. तिचं परभणीकडचं ‘जायलेय, करायलेय’ तिथे लिहून खिदळतात. तिच्या डब्यावर, रंगावर, बाप सोबत नाही यावर लिहितात.

पोर जेवत नाही आणि कॉम्प्युटरवरून उठतही नाही. कोणी नवीन काय लिहिलं ते वाचल्याशिवाय तिला राहवत नाही. इंटरनेटचं डेटा कार्ड काढून घेतलं तर माझ्या हाताला चावली. शाळेत गेले, तर शाळेबाहेरचं आम्ही बघत नाही म्हणाले. काल आंघोळीला जाताना सहज बोलल्यासारखी म्हणाली, आई, मला नसायचंय. तेव्हापासून मी तिला एकटं सोडत नाही.

२६ जुलै

लीलाबाई म्हणाल्या, “पोरीला लई बोलली मान्सं. उतरून टाकू.” दहीभात आणि लिंबू किमयावरून उतरवलं आणि तिठ्यावर नेऊन ठेवलं. परतताना मला बजावलं, मागं वळून बघायचं न्हाई. मी विचारलं, पुढे काय होतं त्या पीडेचं? म्हणाल्या, “पीडा मरत न्हाई बाई. ज्याचा पाय पडंल त्येच्या मागं जाती. आन उतारा उचलून माघारी आणलास तर जिची तिलाच.”

हसू आलं. पण त्या संध्याकाळी किमयाने एक पोळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

२ ऑगस्ट

आम्हा टेस्टर लोकांना रोज खोटी माणसं बनवावी लागतात. नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं खोटं. मग एक त्या साइटवरही बनवली. जान्हवी, वय पंधरा, दिवाळीनंतर पिरंगुटच्या शाळेत येणार. फोटो दुसऱ्या कुणाच्या लेकीचा लावायला मन होईना, म्हणून माझाच दहावीतला लावला. तेलकट वेण्या आणि पुढे आलेले दात. दात नंतर तारेने बसवले, आणि हा फोटो किमयाने कधी पाहिलेला नाही. जान्हवीच्या नावाने मी मुद्दाम फुशारक्या मारल्या, आणि मुली गुळाला मुंग्या लागाव्यात तशा तिला चिडवायला आल्या.

हाही उताराच म्हणायचा. फरक एवढाच, की याच्यात कुणाचं वाईट होणार नाही.

१६ ऑगस्ट

काम फत्ते. आता कम्युनिटी जान्हवीवर आहे. शुभांगीने किमयाला वाढदिवसाला बोलावलं. पोर दोन वाट्या आमटी प्यायली.

मी मात्र रोज जान्हवीचं पान उघडते. मागे बघू नये हे ऐकलेलं आहे, पण केलेलं काम चालतंय की नाही हे बघायची सवय जाता जात नाही. कुणीतरी लिहिलं होतं, हिच्या झिंज्या उपटा. आज वेणी घालताना पुंजकेच्या पुंजके हातात आले. जागरणं, प्रवास, वय. गळणारच.

३० ऑगस्ट

जान्हवीच्या पानावर कुणीतरी लिहिलं, हिचं थोबाड बंद करा. माझा आवाज बसलाय. डॉक्टर म्हणतात, विश्रांती घ्या. मीटिंगमध्ये मी एक शब्द बोलले नाही, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

सगळ्यात वाईट कोण लिहितं ते आज शोधलं. किमया. पासवर्ड तिने कधीच बदललाय, म्हणजे दुसरं कुणी नाही. माझ्या दातांवर कविता केली आहे. यमकं चांगली जुळलीत.

रडू आलं. मग स्वयंपाकाला लागले.

६ सप्टेंबर

जान्हवीचं खातं बंद करायला गेले. पासवर्ड चुकीचा म्हणतं. सकाळी जान्हवीने त्या मुलींना उत्तर दिलंय — अजून बोला. मी दिलेलं नाही.

किमयाला सांगून टाकावं का, की ती मी आहे? पण उतारा उचलला तर — जिची तिलाच. ती आता जेवते. झोपेत हसते. नाही सांगवत.

११ सप्टेंबर

कम्युनिटीत नवा ठराव. जान्हवी कुणाला दिसतच नाही असं वागायचं. किमयाने मांडला, सगळ्यांनी उचलून धरला.

कॅब समोरून निघून गेली. मी हात केला होता. खरं सांगायचं तर घरी परतताना बरंच वाटलं. इतकी दमलेय.

१३ सप्टेंबर

लीलाबाई खाली आल्या. किमयाला विचारलं, “तुजी आय कुटं गेली गं?” मी समोर बसून गवार निवडत होते. किमया म्हणाली, ऑफिसात असेल.

आज रविवार —

१४ सप्टेंबर

किमयाच्या वहीत लिहिलं, जान्हवी म्हणजे मी. मग खोडलं. नको. पोरीने स्वतः वरणभात केला, पोटभर जेवली. ताट एकच घेतलं —

मला भूक नाहीच —

१५

शाळेतून आली. दप्तर माझ्या मांडीवर ठेवलं. खुर्ची रिकामी समजून. जड आहे.

गाल भरलेत तिचे. गुणगुणत लिहितेय — आता हिचं नाव पण कुणी काढायचं नाही — सगळ्या हो म्हणतायत —

माझं नाव आठवून बघते. आशा — आशाल —