पाटाकडेची वाट

प्रिय योगेश,

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू 'बोल लियाक्या' म्हणतोस आणि मी हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून देतो, म्हणून. सव्वा वर्ष हेच चाललंय. माझ्या लेकीच्या, उजमाच्या वहीतली पानं फाडून मी हे रिक्षातच लिहितोय, थोडं द्वारका चौकात, थोडं मुंबई नाक्याला. आपल्या नाशकात हल्ली लिहायला घरी वेळ मिळत नाही, सिग्नलला भरपूर मिळतो. शनिवारी तू तुझ्या आईला, माझ्या मावशीला, कायमची बेंगळुरूला न्यायला येतोयस, असं तृप्तीवहिनींनी रविराजला कळवलं. तुझा सख्खा भाऊ, आणि त्याला ही बातमी वहिनींकडून! मला सांगताना तो उगाचच माझ्या रिक्षाचा आरसा पुसत होता. तू यायच्या आत हे तुझ्या हातात पडायला हवं.

गाव तुला ओळखू यायचं नाही. कुंभमेळ्याच्या कामांसाठी निम्मे रस्ते खणलेत आणि उरलेल्या निम्म्यांवर सगळं नाशिक उभं आहे. मुंबईची माणसं इथल्या हवेसाठी फ्लॅट घेतात, मग काचा लावून एसीत बसतात. संध्याकाळी गंगापूर रोडला अडकलो की मी इंजिन बंद करतो. थोड्या वेळानं हॉर्नसुद्धा लांब लांब जातात आणि, हसू नकोस, मला द्राक्षाच्या बागा दिसायला लागतात. समोरचा टॉवर विरत जातो, त्याच्या जागी मांडव येतो, वेलींखालची गार सावली येते, औषध फवारल्याचा तो वास येतो. पाट भरून वाहतोय. आपण दोघं चपला हातात घेऊन काठानं चाललोय आणि मावशी डोक्यावर पाटी घेऊन पुढं, मागं न बघताच आपल्याला शिव्या घालतेय. माझी अम्मी गेली त्या वर्षीचंच असतं ते नेहमी, मावशीनं मला तुमच्या पंगतीला बसवलं त्या वर्षीचं. मग मागचा गाडीवाला उतरून काचेवर टकटक करतो, काका, झोपलात का? मी गिअर टाकतो.

आमच्या स्टँडवरची जुनी माणसं अजून जुन्याच खुणांनी पत्ता सांगतात. विहिरीवर सोड, चिंचेपाशी थांबव. विहीर बुजवून तिथं एटीएम झालं, चिंच रुंदीकरणात गेली, पण मी बरोबर तिथंच थांबवतो. नवी पोरं मोबाईलच्या नकाशावर चालवतात, त्यांची मी काय टर उडवायचो! आपल्याच घरात मोरी कुठंय असं कुणी विचारतं का रे? ट्रॅफिक तुंबली की पॅसेंजर आपणहून म्हणायचे, लियाकतभाई, तुमच्या वाटेनं घ्या. छाती फुगायची माझी.

मावशी तशी बरी आहे. उजवा हात अजून उचलत नाही, बोलणं तोंडातल्या तोंडात राहतं. पण रविराज रोज दुकान उघडायच्या आधी तिची वेणी घालतो. पुरुषमाणूस, आणि इतकी सरळ वेणी! शेजारच्या लताबाई येऊन मुद्दाम बघून जातात आणि हसतात त्याला. मग तो तिची खुर्ची गॅलरीत नेतो. तुमच्याच मळ्याच्या जागेवरची बिल्डिंग ती, पाचव्या मजल्यावरून खालचा चौक दिसतो आणि ती तासन् तास गाड्यांची रांग बघते. एकदा डाव्या हातानं खूण करून मला विचारलं, एवढे सगळे निघालेत कुठं? म्हटलं, मावशी, घरीच. ती कितीतरी वेळ हसत होती. मी निघालो की माझी कॉलर सारखी करते, डाव्याच हातानं. तेव्हा मला तिथं उभं राहवत नाही.

आता ते सांगतो. मावशीला अर्धांगाचा झटका आला त्या दिवशी डॉक्टर तुला फोनवर म्हणाले की तासभर आधी आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं. मग तू रविराजला विचारलंस, तू एवढा वेळ काय करत होतास? तो म्हणाला, घरातून निघायलाच उशीर झाला, मला कळलंच नाही रे. तू त्याला नको नको ते बोललास, आईच्या जिवावर उठलास इथपर्यंत. त्यानंतर तू त्याच्याशी बोलला नाहीस. फोन स्पीकरवर होता आणि मी शेजारीच उभा होतो.

योगेश, त्याला उशीर झालाच नव्हता. मावशीचं तोंड वाकडं झालेलं दिसल्यावर त्यानं लगेच मला हाक मारली, दहा मिनिटांत ती माझ्या रिक्षात होती. तो म्हणाला, मोठ्या रस्त्यानंच घे, लोक वाट देतील. मी म्हटलं, तू गप बस, पाटाकडेनं आत्ता पोचवतो. दोन वर्षं मी त्या वाटेला फिरकलो नव्हतो. पण मनातल्या मनात रोज जात होतो ना, म्हणून मला ती तशीच असेल असं वाटलं. वळण घेतलं तर पुढं नव्या सोसायटीची भिंत, आणि आमच्या मागं माझ्यासारख्याच शहाण्यांच्या वीस-पंचवीस गाड्या. रविराज खाली उतरून एकेकाच्या पाया पडत होता, गाडी मागं घ्या म्हणून. सव्वा तास गेला. मावशी माझ्याकडे बघत होती. दवाखान्यात तुझा फोन आला तेव्हा त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सगळं स्वतःवर घेतलं. आजपर्यंत मला एका शब्दानं बोलला नाही. मला तोंड उघडायची भीती वाटली, तू मला तोडशील याची, आणि पुढं पुढं गप्प बसायची सवय झाली. लाज वाटते रे मला. माझ्यावर काय राग काढायचा तो काढ, पण मावशीला त्याच्यापासून नेऊ नकोस. तू नको म्हटलंस तरी शनिवारी ओझरला विमानतळावर तो तुला घ्यायला येणार आहे. हे पत्र लिहिल्याचं त्याला ठाऊक नाही. तू बाहेर आलास की तो आधी तुझी माफी मागायला लागेल. त्याला मागू देऊ नकोस.

तुझाच, अजून म्हणू देणार असशील तर,
लियाकत